पेटीवाल्याचं तोंड मुलांकडे हवं

विशेष शाळेत संगीत शिकवायला लागलीस आणि पहिल्याच वर्षी संमेलनातलं संगीत नाटक तुझ्या गळ्यात पडलं, असं दादाकडून कळलं. बरं झालं. आता आत्या काय सांगते ते ऐक, पटेल तेवढं घे.

सगळ्यात आधी, ट्रॅक लावू नकोस. स्वस्त पडतो, सोपा पडतो, पण तो कुणासाठी थांबत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा वॉकर घेऊन विंगेतून मध्यावर येतो तेव्हा त्याला कधी चार आवर्तनं लागतात, कधी सात. पेटी-तबला असला की तेवढी आवर्तनं धून फिरवत ठेवता येते. तो जागेवर पोचला, दम घेतला, की गाणं सुरू. जुन्या संगीत नाटकांत ऑर्गनवाला गायकनटाच्या मागेच जायचा, तेच इथे करायचं. म्हणून पेटीवाल्याला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवू नकोस, त्याला मुलं दिसली पाहिजेत. पट्टीही त्याच्या सोयीची नको. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा आवाज बऱ्याचदा घोगरा आणि खालचा असतो. वरच्या पट्टीत ताणलंस तर ती ओरडतील आणि लोक म्हणतील, सूर नाही.

बोलताना अडखळणारी बरीच मुलं गाताना अडखळत नाहीत. त्यांची महत्त्वाची वाक्यं चालीत बसव. ज्याला वाचाच नाही त्याच्यासाठी आवाज साठवून ठेवणारं मोठ्या बटणाचं यंत्र मिळतं. बटण दाबलं की वाक्य ऐकू येतं. त्यात आवाज मात्र त्याच्याच वयाच्या मुलाचा भर, तुझा नको. दहा वर्षांच्या शिवाजीराजांच्या तोंडून बाईंचा आवाज आला तर सभागृह हसणारच. ऐकू न येणाऱ्या मुलांना अनवाणी उभं कर, रंगमंचावरची सतरंजी गुंडाळून ठेव आणि ढोल थेट लाकडी फळ्यांवर टेकव. ठेका तळव्यातून वर येतो.

गाणं शेवटाकडून शिकव. आधी शेवटची ओळ आणि तिच्यावरचा हावभाव पक्का, मग तिच्या आधीची ओळ. असं केलं की मूल दर वेळी ओळखीच्या जागेकडे चालत जातं, पुढे गेल्यावर पाय गळत नाहीत.

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसून हातवारे करणाऱ्या बाई मला बघवत नाहीत. मुलांचे डोळे बाईंना चिकटलेले आणि नाटक राहतं बाजूला. आपल्याकडे तर याची आयती सोय आहे. 1880 साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं तेव्हापासून सूत्रधार संगीत नाटकात उभाच आहे. तूच सूत्रधार हो. उपरणं घे आणि उजळ माथ्याने रंगमंचावर वावर. कुणाचा हात धर, कुणाची खुर्ची ढकल, कुणाला पुढचा शब्द दे. सूत्रधाराने हे केलं तर कुणाला खटकत नाही.

पण खरं सांगू, नाटक रंगमंचावर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते विंगेत. अंधार, गर्दी, पावडरचा वास, टोचणारी जर आणि कधी संपेल ते माहीत नसलेलं थांबणं. स्वमग्न मुलाला हे सगळं एकदम अंगावर येतं. पोशाख पंधरा दिवस आधीच घरी दे, त्यात जेवूदे, झोपूदे. खरबरीत शिवण आतून सुती पट्टीने झाक. मिशी चिकटवू नकोस, पेन्सिलने काढ. विंगेत प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, तिच्यावर त्याचा फोटो, आणि शेजारच्या भिंतीवर चित्रांत क्रम: घंटा, गाणं, टाळ्या, खाऊ. तिन्ही घंटा महिनाभर आधीपासून वर्गात वाजव. प्रमुख पाहुण्यांचं भाषण नाटकानंतर ठेव. यावर संस्थेत कुरबूर होईल, होऊ दे. रंगभूषा करून ताटकळलेलं मूल पाऊणएक तास भाषण ऐकेल, ही अपेक्षा कुठल्याही शाळेत चुकीचीच.

लुकलुकणारे दिवे अजिबात नकोत, कुणाला फिट्स येत असतील तर तेवढंच निमित्त पुरतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांना कोलांट्या किंवा मानेला हिसका बसेल असा नाच डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस, त्यांच्या मानेचे मणके काही वेळा सैल असतात.

आणि हो, वन्समोअर घेऊ नकोस. आपल्या लोकांना तो द्यायची हौस भारी. पण भिंतीवरच्या चित्रात गाणं एकदाच आहे. ते दुसऱ्यांदा आलं की एखादा तिथेच बसकण मारेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

संमेलन झालं की तालीम एकदम बंद करू नकोस. कित्येक महिने रोज अकराला होणारी गोष्ट अचानक नाहीशी झाली की मुलं बिथरतात. आठवडाभर साध्या कपड्यांत तेच नाटक चालू ठेव, मग एक-एक प्रवेश गाळत जा. पेटीवाल्याचे पैसे मात्र त्याच संध्याकाळी दे, उधारी नको. पुढच्या वर्षीही तोच माणूस लागणार आहे, मुलांना त्याचा खोकलासुद्धा ओळखीचा झालेला असतो.