फ्लीसला सुती सवयी चालत नाहीत

तेलंगणात सगळ्यात कडक थंडी आमच्या आदिलाबादची. पारा 10 अंशांच्या खाली उतरला की घरी शिवलेले मफलर माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागतात. त्यातले बरेचसे फ्लीसचे असतात. हा मुलूख कापसाचा आणि बायकांचा हात सुती कापडावर बसलेला: कड दुमडायची, बारीक टीप मारायची, वरून इस्त्री फिरवायची. नेमक्या या तीन गोष्टींनीच फ्लीसची वाट लागते.

परवा एक वहिनी आल्या. "ताई, कड का अशी लाटा मारते बघा ना." सुंदर जांभळं कापड, पण चारी बाजूंनी दुमडून बारीक टाक्याची टीप मारलेली. कड झालरीसारखी फुगली होती आणि गळ्याला दोरीसारखी टोचत होती. हे कापड लोकरीचं वाटतं, पण असतं पॉलिएस्टरचं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने ते बाजारात आणलं. स्वेटरसारखं फासे घालून विणायचं आणि मग पृष्ठभाग घासून त्यावर लव काढायची, अशी त्याची रीत. त्यामुळे कापल्यावर दोरे सुटत नाहीत. मग दुमडायचं कशाला? धारदार कात्रीने सरळ कापा आणि कड तशीच मोकळी सोडा. वहिनींची टीप उसवायला माझी अख्खी दुपार गेली. टाके लवीत इतके रुतलेले होते की सुईच्या टोकाने एकेक शोधावा लागला.

कापड घेतानाच एक हिशोब करावा. पन्हा साधारण 60 इंचांचा असतो. पन्ह्यात आडवं कापलं तर पाव मीटरमध्ये लांबलचक मफलर निघतो, स्वस्तात काम होतं. पण फ्लीस पन्ह्याच्या दिशेनेच जास्त ताणला जातो. असा मफलर रोज गुंडाळून, ओढून लांबतो आणि अरुंद होतो. लांबीत कापायचा तर दीड मीटर घ्यावं लागतं. त्यात पाच-सहा मफलर निघतात, म्हणून जावा-नणंदांनी मिळून घ्यावं, असं मी सांगते. फक्त गोंड्यांची हौस असेल तर आडवाच कापा. टोकाला बोटभर रुंद पट्ट्या कापून एकेक हळू ओढली की ती आपोआप गोल वळते. उभ्या कापलेल्या मफलरात ही गंमत येत नाही.

शिवायचंच असेल, म्हणजे नक्षीचं पान किंवा फूल बसवायचं असेल, तर टाका मोठा ठेवा, 3 ते साडेतीन मिलिमीटर. सुई गोल टोकाची, विणलेल्या कापडासाठी मिळते ती घ्या. पायाच्या मशीनवर झिगझॅग नसतो, त्याने अडत नाही. पण कापड मागून ओढू नका, मशीनला आपलं आपण सरकवू द्या. टाचण्या लवीत हरवतात आणि मग गळ्यात सापडतात, त्यापेक्षा कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. काम झालं की बॉबिनखालचा बोळा ब्रशने काढा. फ्लीसची लव तिथे गादीसारखी साठते आणि दोष बिचाऱ्या मशीनवर येतो.

आरसे आणि जड मणी मी तरी लावत नाही. तांड्यावरच्या बायकांचं आरशांचं काम जाड सुती कापडावर शोभतं. फ्लीस त्या वजनाने लोंबतो. इस्त्रीही नकोच, लव दबून चकाकी येते आणि जास्त तापली तर कापड तळाला चिकटतं.

आता शेकोटी. पॉलिएस्टर ठिणगीने वितळतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. एका मुलाच्या मफलरला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडून आलं होतं. भोवती काळी, काचेसारखी कडक कड. नशीब, ठिणगी गोंड्याजवळ पडली होती, गळ्याजवळ नाही. कडक भाग कापून मी त्यावर फ्लीसचंच हिरवं पान लावून दिलं. आईला मात्र सांगितलं की पोराच्या मफलरला लांब गोंडे ठेवू नका, आणि शेकोटीजवळ बसताना तो काढून ठेवा. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेला उघड्यावर रात्र काढणाऱ्यांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी पांघरावी आणि फ्लीस आतून, टोकं खोचून घालावा.