वाटाड्यासह देवगिरी

महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले असे आहेत की, पाण्याची पिशवी, थोडीशी शिदोरी आणि पायथ्याच्या गावातील एखाद्या जाणत्याने बोट करून दाखवलेली वाट एवढ्या भांडवलावर मनुष्य ते समाधानाने पाहून येऊ शकतो. देवगिरी ऊर्फ दौलताबाद हा मात्र त्यास अपवाद मानला पाहिजे, कारण हा दुर्ग ज्यांनी रचला त्यांचा प्रधान हेतूच असा होता की, परक्याने आत यावे, चुकावे आणि परत जाऊ नये. यादवांपासून मोगलांपर्यंत ज्या ज्या सत्तेच्या हाती तो गेला तिने त्या हेतूत आपल्या परीने भर घातली. आणि आज तिकीट काढून आत शिरणारा निरुपद्रवी प्रवासीसुद्धा, सोबत कोणी सांगणारा नसल्यास, त्या जुन्या कारस्थानाला बळी पडून केवळ पायऱ्या मोजीत वर जातो व घाम पुशीत खाली येतो. म्हणून आमचे सांगणे असे की, देवगिरी पाहावयाचा तर आपल्या मंडळींपुरता स्वतंत्र वाटाड्या ठरवून, त्याच्यासाठी उत्तम अर्धा दिवस आणि शक्य तर संपूर्ण दिवस राखून पाहावा.

छत्रपती संभाजीनगरपासून किल्ला सुमारे १५ किलोमीटरांवर, वेरूळच्याच रस्त्यावर आहे. खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या दौलताबादेस थांबतात, आणि चार-सहा जण असल्यास भाड्याची मोटार सोयीची पडते. भाड्याच्या मोटारीबरोबर एक मोह मात्र चालून येतो, तो असा की, मोटारवाला सकाळी देवगिरी, दुपारी वेरूळ, जाताजाता घृष्णेश्वर आणि परतताना बीबीचा मकबरा असा भरगच्च कार्यक्रम पुढे ठेवतो व तो स्वस्तही वाटतो. तो निग्रहाने नाकारावा. असल्या कार्यक्रमात देवगिरीच्या वाट्यास दीड तास येतो, आणि दीड तासात चाँदमिनारापुढे छायाचित्र काढून मेंढा तोफेपर्यंत जाऊन परतण्यापलीकडे काही साधत नाही. वार निवडतानाही थोडा विचार करावा: अजिंठ्याची लेणी सोमवारी व वेरूळची मंगळवारी बंद असल्यामुळे त्या दिवशी अडलेले प्रवासी साहजिकच इकडे वळतात, रविवारी शहरातील कुटुंबे येतात, तेव्हा मधला एखादा वार बरा. ऋतूंपैकी कार्तिक ते माघ हा काळ निर्वेध. पावसाळ्यात डोंगर हिरवा व देखणा दिसतो, परंतु गुळगुळीत झालेल्या पायऱ्या जपून चढाव्या लागतात. आणि चैत्र-वैशाखात त्या उघड्या कातळावर भर दुपारी जाणे हा निव्वळ अविचार आहे. कोणत्याही ऋतूत सकाळी दरवाजा उघडताच आत असावे, हे उत्तम.

वाटाड्याची निवड हा या सफरीतील कळीचा भाग होय. तिकीटघराजवळ सांगणारे भेटतात. शहरातील मुक्कामाच्या ठिकाणावरूनही आदल्या दिवशी ठरवता येतो. पर्यटन खात्याचा परवाना असलेल्यास प्राधान्य द्यावे व ओळखपत्र पाहण्यास संकोचू नये. मेहनताना, वेळ आणि भाषा या तीन गोष्टी तर आधी मुक्रर कराव्यातच, परंतु त्यांहून महत्त्वाचा प्रश्न असा विचारावा की, “तुम्ही आमच्याबरोबर कुठपर्यंत येणार?” कित्येक वाटाडे अंधारी नावाच्या बोगद्याच्या तोंडाशी अथवा त्याच्या वरच्या टोकाशी आपले काम संपले असे समजतात आणि पुढच्या चढाकडे हात करून निरोप घेतात, बारादरी आणि जनार्दनस्वामींच्या पादुकांपर्यंत येण्याची कबुली प्रारंभीच घेतलेली बरी. दुसरी अट हिमरू-पैठणीच्या दुकानांसंबंधी. त्या दुकानात पाहुणे नेल्याबद्दल दस्तुरी मिळत असते, हे उघड गुपित आहे. खरेदीची इच्छा असेल तर आपण होऊन जावे, नसेल तर सकाळीच तसे स्पष्ट सांगावे. चांगल्या माणसास अशा अटींचा राग येत नाही, उलट आपल्याला ऐकावयाचे आहे हे ओळखून तो खुलतो.

किल्ल्याची रचना ध्यानात येण्यासाठी आत शिरण्यापूर्वीच एक गोष्ट करावी. रस्ता ज्या तटातून जातो तो अंबरकोट. त्याच्या आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट, त्यानंतर कातळात खोदलेला खंदक आणि सर्वांच्या मध्यभागी, सुमारे दीडशे फूट उभा तासून काढलेला, पायाला आधार न देणारा तो डोंगर. ही सर्व वलये बाहेरून उभे राहून एकदा दाखवावयास वाटाड्याला सांगावे आणि मग त्याला विनंती करावी की, आम्हांला पाहुणे म्हणून न नेता हल्ला करावयास आलेले लोक समजून आत ने. ज्याला किल्ला खरोखर ठाऊक आहे, तो या विनंतीने हरखून जातो. महाकोटाच्या दरवाजांची माळ लागते तेथे तो थांबवील आणि दाखवील की, एक दरवाजा ओलांडला की समोर दुसरा दिसत नाही, वळावे लागते, वळताच उजवी बाजू उघडी पडते आणि माथ्यावर चहूंकडून भिंती येतात. दाराच्या फळ्यांवरील लोखंडी सुळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का आहेत, हे मग सांगावे लागत नाही. ओळीने मांडलेल्या तोफांजवळ मात्र फार वेळ घालवू नये, त्या हलवून आणून ठेवलेल्या आहेत.

पुढे डाव्या हातास हत्तीहौद हा विस्तीर्ण तलाव आणि त्याच्याजवळ भारतमातेचे मंदिर आहे. ही वास्तू १३१८ मध्ये कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात मशीद म्हणून उभी राहिली आणि तिला लावलेले खांब पूर्वीच्या मंदिरांचे आहेत. १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपल्यावर तेथे भारतमातेची मूर्ती स्थापन झाली. एवढा इतिहास एका अंगणात साठलेला असल्याने येथे सांगणाऱ्याच्या आवाजात आवेश चढण्याचा संभव असतो. आपण खांबांकडे पाहावे, प्रत्येकाची घडण निराळी आहे. समोरचा चारमजली चाँदमिनार पंधराव्या शतकात अलाउद्दीन बहमनीने बांधविला. आत चढण्यास मनाई आहे, तेव्हा वाटाड्याच्या ‘पूर्वी आम्ही वर जात असू’ या कथेला दाद देऊन पुढे निघावे.

काळाकोटात शिरल्यावर चिनी महालाच्या पडक्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे तुकडे अद्याप दिसतात. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर त्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह यास औरंगजेबाने येथे कैदेत ठेवले, आणि त्याचे उर्वरित आयुष्य येथेच सरले. जवळच्या बुरुजावर ती सुप्रसिद्ध मेंढा तोफ आहे. तिच्या मागील टोकास मेंढ्याचे मस्तक आहे. अंगावरील लेखात औरंगजेबाचे नाव आणि ‘किल्लाशिकन’ ही तिची पदवी कोरलेली आहे. मुलांना तोफेवर चढू देऊ नये, हे सांगण्याची वेळ यावी ही खेदाची गोष्ट, तरी सांगतो.

आता खंदक. किल्ल्यावर जाण्यास येथे एकच अरुंद मार्ग होता. जुन्या दगडी पुलाचा मधला भाग मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवलेला आहे, जेणेकरून खंदकातील पाणी चढविले की पूल बुडावा. आपण हल्लीच्या लोखंडी पुलावरून जातो, म्हणून खाली वाकून जुना पूल दाखवून घ्यावा, नाहीतर तो नजरेतून सुटतो. पलीकडे अंधारी सुरू होते, आणि वाटाड्याला दिलेला सर्व मेहनताना येथे वसूल होतो. डोंगराच्या पोटातील मूळच्या लेण्यांचा उपयोग करून घेतलेला हा वळणावळणांचा, वर चढत जाणारा बोगदा आहे. त्याच्या पायऱ्या सारख्या मापाच्या नाहीत, त्यामुळे अंधारात पायाला अंदाज बांधताच येत नाही. उजेडाचा कवडसा दिसतो म्हणून त्या दिशेने धावणारा मनुष्य खंदकावर उघडणाऱ्या झरोक्याशी पोहोचतो. आणि वरच्या तोंडाशी लोखंडी जाळी-झाकणाची योजना असून तेथे विस्तव पेटविला की धूर बोगद्यात कोंडून चढून येणाऱ्यांची वाट अडत असे. मोकळ्या जागी वाटाड्यास सर्वांचे दिवे मालविण्यास सांगावे आणि मिनिटभर तसेच उभे राहावे. शत्रूचे सैनिक आपापसांतच एकमेकांस कापून काढीत, ही येथे हमखास सांगितली जाणारी गोष्ट त्या मिनिटात तरी खरी वाटते.

अंधारीसाठी प्रत्येकाजवळ विजेरी असावी, शक्यतो डोक्यास बांधण्याची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पलिता, मेणबत्ती असले काही पेटवू नये: हवा कोंदट आहे, वटवाघळांची वस्ती दाट आहे आणि त्यांच्या विष्ठेचा दर्प नाजूक प्रकृतीस सोसत नाही, दम्याचा विकार असणाऱ्यांनी नाकावर फडके बांधावे अथवा अंधारी टाळून वर जाण्याची सोय त्या दिवशी खुली आहे काय याची खाली चौकशी करावी. खाद्यपदार्थांची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नये, माकडे टपून असतात.

अंधारीतून बाहेर पडल्यावर ज्यांना किल्ला जिंकल्यासारखे वाटते त्यांना अजून बराच चढ शिल्लक असतो. एकूण पायऱ्या साडेसातशेच्या आसपास भरतात. सह्याद्रीतील उत्तुंग गड पायाखाली घातलेल्या मंडळींना हा डोंगर किरकोळ वाटतो; सभासदानेही आपल्या बखरीत, रायगडाची निवड करताना शिवाजीमहाराजांनी दौलताबादची थोरवी मान्य करून त्याची उंची मात्र थोडकी ठरविली, असे लिहून ठेवले आहे. पण उन्हाने तापलेल्या उघड्या पायऱ्यांची गणना उंचीत होत नाही. माणशी दोन लिटर पाणी वर घेऊन जावे. वाटेत गणपतीचे छोटे देऊळ आहे, तेथे सावलीत बसावे आणि वाटाड्यालाही बसवावे.

या बैठकीत त्याला एक प्रश्न विचारावा. हा डोंगर इतका अभेद्य, तर किल्ला वारंवार गेला कसा? उत्तरावरून त्याची पारख होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होते, आणि धान्य म्हणून घाईघाईने वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाल्याची आख्यायिका आहे. १६३३ मध्ये महाबतखानाने सुरुंग लावून तट फोडले आणि आत उपासमार झाली, तेव्हा मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने किल्ला हवाली केला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर तहाच्या एका कलमाने तो मराठ्यांकडे आला. खंदक, कडा आणि अंधारी यांनी आपले काम चोख बजावले. घात झाला तो कोठारात आणि दरबारात. ज्या वाटाड्याने हे सांगितले त्याला ठरल्यापेक्षा जास्त द्यावे. ज्याने केवळ ‘फितुरी झाली, साहेब’ म्हणून हात झटकले त्याला ठरल्याप्रमाणे द्यावे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये येथे राजधानी हलविली, हे सगळेच सांगतात; येथील तळघरात मांजराहून मोठे उंदीर बंदिवानांच्या अंगावर येत, हे इब्न बतूताने ऐकून लिहिलेले वृत्त मात्र थोड्यांना ठाऊक असते, आणि लहान मुले बरोबर असल्यास तेच अधिक उपयोगी पडते.

बारादरी शाहजहानच्या काळातील. तिच्या सज्जातून सकाळी पाहिलेले तीनही कोट, मघाशी ज्यांनी आपल्याला वळवून वळवून दमविले त्या दरवाजांसह, स्वच्छ उलगडतात. सकाळी बाहेरून ऐकलेली वलये येथे पुन्हा वाटाड्याकडून बोट ठेवून दाखवून घ्यावीत. अगदी वर, शिखराजवळ, जनार्दनस्वामींच्या पादुकांची गुहा आहे. निजामशाहीच्या अमदानीत ते या किल्ल्याचे अधिकारी होते, आणि पैठणहून आलेले बालवयातील एकनाथ येथेच त्यांच्या सेवेत राहून हिशेब आणि अध्यात्म दोन्ही शिकले. दारूगोळा आणि फौजफाटा यांच्या या गजबजाटात गुरुवार हा दत्तभक्तीसाठी सुटीचा वार पाळला जात असे, असे परंपरा सांगते. फाल्गुन वद्य षष्ठीच्या सुमारास यावयाचे झाल्यास भाविकांची गर्दी असू शकते, हे गृहीत धरून निघावे.

उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. काठी असल्यास ती याच वेळी कामी येते. दोन प्रहरापर्यंत खाली आल्यास जेवण उरकून, हंगाम असेल तर दौलताबादची सीताफळे घेऊन, घाटाने खुलताबादकडे जावे. घाटाच्या वाटेवर कागजीपुरा लागतो, जेथे हातकागद करण्याची कला तुघलकाच्या राजधानीबरोबर आली असे सांगतात. खुलताबादेत मलिक अंबरची घुमटाची कबर, औरंगजेबाची उघडी कबर आणि त्याच्याच कैदेत मेलेल्या तानाशाहचे दफनस्थान, तिन्ही थोड्या थोड्या अंतरावर आहेत. सकाळी किल्ल्यावर ज्यांची नावे ऐकली त्यांचा ठावठिकाणा असा दुपारी लागतो. मात्र किल्ल्यावरच्या वाटाड्याचा करार बहुधा किल्ल्यापुरताच असतो, तेव्हा त्याला पुढे न्यावयाचे असल्यास खुलताबादचा मेहनताना आणि त्याच्या परतीचे भाडे सकाळीच, तिकीटघरापाशी, वेगळे ठरवून घ्यावे.