शेवटच्या चाकाचं आधी बघ

अगं, आधी तो लॅपटॉप मिट बघू. रात्र रात्र रिव्ह्यू वाचून टायरचा मॉनिटर निवडता येत नसतो, नुसतं डोकं चढतं. मोटरहोम घेतलीत, मागे जीप ओढत न्यायची, त्यात पुण्याहून आई-बाबा येणार आणि त्यांना ॲरिझोनात ग्रँड कॅनियन दाखवायचंय. दडपण येणारच गं. पण घर, नोकरी, पोरं सगळं सांभाळणाऱ्या बाईला दहा टायर काही जड नाहीत. चहा ओतून घे आणि ऐक.

खरं सांगू का, सगळ्यात आधी मागच्या जीपचा विचार कर. तू म्हणशील, तिच्यात कंपनीचं टीपीएमएस, म्हणजे टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, आहेच की. आहे ना! अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पण तो दिवा लागणार जीपच्या डॅशबोर्डवर, आणि तिथे बसलंय कोण? शिवाय तो नियम दहा हजार पौंडांपर्यंतच्या गाड्यांचा. तुमच्या धुडाला तो लागूच होत नाही. आणि बघ, एवढं वजन हाकताना मागच्या जीपच्या एका चाकाची हवा गेली, तर स्टिअरिंगला काहीसुद्धा कळत नाही. टायर फरफटत जातो, त्याच्या चिंध्या होतात, रिम रस्त्याला घासते, कधी कधी पेटही घेते. शेजारून जाणारा कोणी हॉर्न मारून हात दाखवतो, तेव्हा कुठे कळतं. म्हणून स्क्रीन रंगीत की साधा, हे नंतर. सगळ्यात मागच्या चाकाचा सिग्नल तुमच्या सीटपर्यंत पोचतो का, हे आधी विचार.

मोटरहोमची लांबी, टो-बार आणि त्यामागे अख्खी जीप, एवढं अंतर आणि मध्ये सगळं लोखंड. एवढ्याशा सेन्सरचा आवाज तिथवर कसा येणार? त्यासाठी रिपीटर असतो. मोटरहोमच्या मागच्या टोकाला १२ व्होल्टवर जोडायचा, की तो सिग्नल पकडून पुढे ढकलतो. काही सेटमध्ये तो मिळतो, काहींमध्ये वेगळा घ्यावा लागतो. तू घेच. इथे काटकसर नको.

आता सेन्सर. एक टोपणासारखा, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा. हलका असतो, पण हवा भरायची तर दर वेळी काढावा लागतो. दुसरा फ्लो-थ्रू, तो न काढता हवा भरता येते, पण लांब आणि जड. रबरी व्हॉल्व्हवर जड सेन्सर लावलास तर चाक फिरताना व्हॉल्व्ह वाकत राहतो आणि बुडाशी चिरतो. म्हणजे हवा राखायला लावलेली वस्तूच हवा घालवते! तेव्हा फ्लो-थ्रू हवा असेल तर टायरवाल्याकडून आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घे. जीपच्या चाकांत कंपनीचा सेन्सर त्याच व्हॉल्व्हला आतून जोडलेला असतो, हे त्याला कामाला हात घालण्याआधीच सांग. माझं विचारशील तर जीपला हलके टोपणवाले पुरे. मोटरहोमच्या मागच्या जोडचाकांना मात्र फ्लो-थ्रू बरे, कारण आतल्या चाकापर्यंत हात घालणं हाच एक व्यायाम आहे. आणि त्या जोडचाकांना सेन्सर हवेतच गं. जोडीतल्या एकाची हवा गेली की दुसरा मुकाट्याने सगळा भार उचलतो, तापतो आणि मग तोही जातो.

टीएसटी, ईईझेड, टायरमाइंडर ही नावं तुझ्यासमोर येतीलच. नावावर जाऊ नकोस. प्रत्येक ॲक्सलला वेगळा आकडा लावता येतो का, ते बघ. मोटरहोमला शंभराच्या आसपास पीएसआय लागतं आणि जीपला पस्तीसच्या आसपास, दोघांना एकच माप कसं चालेल? सेन्सरची बॅटरी घरी बदलता यायला हवी. आणि जीप सोडवून ती घेऊन गावात फिरायला गेलात की तिची चार चाकं तेवढ्यापुरती बंद करता यायला हवीत, नाहीतर मोटरहोममध्ये थांबलेल्या बाबांच्या कानाशी मॉनिटर सारखा ओरडेल.

आकडे मात्र अंदाजाने लावू नकोस. पाण्याची टाकी भर, माणसं बसव, तांदळाची गोणी, कुकर, सगळं चढव आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर प्रत्येक ॲक्सलचं वजन कर. मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते बघ. ती हवा थंड टायरमध्ये भरायची, म्हणजे सकाळी, गाडी हलवायच्या आधी. मॉनिटरची खालची घंटा त्याच्या दहा टक्के खाली ठेव, वरची वीस-पंचवीस टक्के वर.

आणि हे नीट ऐक, कारण तू घाबरशील ती इथेच. फिनिक्सच्या शंभर डिग्री फॅरेनहाइटमध्ये शंभर पीएसआय भरलंस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॅगस्टाफला पारा पन्नासवर आला, तर टायरमध्ये ब्याण्णव-त्र्याण्णवच दिसेल. फ्लॅगस्टाफ जवळजवळ सात हजार फुटांवर आहे, उंचीमुळे आकडा थोडा वर राहतो, नाहीतर आणखी खाली दिसला असता. पंक्चर नाही, काही नाही, थंडी आहे फक्त. सगळी चाकं सारखीच उतरली असतील तर शांतपणे हवा भर आणि नीघ. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलं असेल, तर मात्र तिथून हलायचं नाही.

मॉनिटर दाखवतो त्या तापमानाच्या आकड्यावर फार विसंबू नकोस. सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, टायरच्या आतली खरी आच त्याला कमीच दिसते. आणि टायरचं वय तर त्याला मुळीच कळत नाही. टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाच: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. मोटरहोम उभी जास्त आणि पळते कमी, त्यामुळे नक्षी नवी कोरी दिसते आणि आतून रबर म्हातारं झालेलं असतं. सेकंडहँड घेतली आहेस ना? मग आजच खाली वाकून बघ.

सेट आला की दहाही सेन्सरवर आकडे चिकटव, नवऱ्याला जीपच्या अगदी मागच्या चाकाशी बसव आणि तू ड्रायव्हरच्या सीटवर बस. मोटरहोमचं इंजिन चालू ठेव, जीप जोडलेली असू दे. त्याला त्या टायरमधली हवा हळूहळू सोडायला सांग. मॉनिटर ओरडला तर सेट ठेव. नाही ओरडला तर आधी रिपीटरची जागा बदलून बघ, तरीही गप्प राहिला तर परत पाठव. परतीची मुदत संपायच्या आत कर हे सगळं, आणि काय झालं ते मला रात्री फोन करून सांग.