आधी वरचा नट

पोरी, सेकंड हॅन्ड बोलेरो घेतलीस, चांगलं केलंस. आता कोल्हापूर-रत्नागिरी ये-जा सुरू होईल, आंबा घाट नेहमीचा होईल. त्याआधी एक काम उरकून घे. इंजिन ऑईल बदलून दिलंय, फिल्टर नवे आहेत, टायर बरे आहेत, हे तू सांगितलंस. पण मागच्या डिफरन्शिअलच्या हाऊसिंगचं ऑईल कधी बदललं, हे विचारलंस का? विचारलं असतंस तरी खात्रीचं उत्तर मिळालं नसतं. त्या ऑईलसाठी डॅशबोर्डवर दिवा नाही, डिपस्टिक नाही. ते निम्मं गळून गेलं तरी गाडी बरेच दिवस काही न बोलता पळते. म्हणून जुनी गाडी दारात आली की मी पहिल्यांदा हाऊसिंग रिकामं करतो. नवं ऑईल घालायचं असतंच, पण त्याहून जास्त, जुनं काय निघतं ते मला डोळ्यांनी बघायचं असतं. विकणाऱ्याने न सांगितलेलं बरंच काही त्यातून कळतं.

मागच्या चाकांच्या मधोमध तो गोल फुगीर लोखंडी भाग आहे ना, तेच हाऊसिंग, त्यात क्राऊन आणि पिनियन बसलेत. प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, आणि क्राऊनसोबत फिरणारे छोटे गिअर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळू देतात. अशा गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या थोडा खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधं ऑईल मधून निघून जातं. म्हणून या ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं मिसळलेली असतात, ती दातांवर पातळ थर धरतात. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास त्या गंधकाचा. डब्यावर जीएल-५ लिहिलंय का ते बघून घे. दुकानात नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणू नकोस. नव्वद हा फक्त जाडीचा आकडा झाला. ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४०, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच घ्यायचं. आणि उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळ. पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं. जीएल-५ मधली काही द्रव्यं आतल्या पितळी रिंगांना खातात, मग गिअर अडकायला लागतात.

तुझ्या मैत्रिणीची बोलेरो निओ आहे म्हणालीस. तिच्या वरच्या मॉडेलला मागे लॉक होणारं डिफरन्शिअल येतं, तेव्हा तिने स्वतःच्या पुस्तिकेत बघावं, तुझा डबा तिला चालेलच असं नाही. आणि शेजारच्या क्रेटाला पुढच्या चाकांचा जोर आहे, मागे हे हाऊसिंगच नाही. तसल्या गाडीच्या बिलात कोणी मागच्या डिफरन्शिअलचं ऑईल लावलं, तर सरळ जाब विचारायचा.

आता काम. आदल्या रात्री हाऊसिंगचे दोन्ही नट, ऑईल भरायचा वरचा आणि काढायचा खालचा, तारेच्या ब्रशने साफ कर आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव. कोकणात फिरलेल्या गाडीचे नट खाऱ्या हवेने धरलेले असतात. सकाळी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आण, म्हणजे ऑईल कोमट होऊन सरळ वाहतं, खालचा गाळही सोबत येतो. मग सपाट फरशीवर लाव. बोलेरोखाली जागा भरपूर आहे, जॅक लावूच नकोस. मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही हवेतल्या चाकांना धरून राहतात, जमिनीवरची पुढची चाकं मोकळीच. म्हणून कधी उचलावीच लागली तर आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मग मजबूत स्टँड, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी कितीही घाई केली तरी जायचं नाही.

आणि हे कानात ठेव. आधी वरचा नट, म्हणजे ऑईल भरायचा. तो सुटला, हाताने फिरला, मगच खालच्याला पाना लाव. खालचा उघडून ऑईल सांडून बसलेली आणि वरचा काही केल्या निघेना म्हणून टो करून आणलेली गाडी गॅरेजात येते तेव्हा वाईट वाटतं, कारण दोन मिनिटांच्या तपासणीने ते टळलं असतं. चौकोनी खाचेचा नट असेल तर पाना नेमका बसणारा घे. खाच गोल झाली की पुढे वेल्डिंगपर्यंत प्रकरण जातं.

ऑईल पसरट, स्वच्छ भांड्यात काढ आणि उजेडात नीट बघ. काळं, पातळ, जळका वास म्हणजे फार दिवस बदललेलं नाही. खालच्या नटाच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर घाबरू नकोस, तेवढी झीज होतेच. बोटांना टोचणारे कण, चकत्या, दाताचा तुकडा मिळाला तर नवं ऑईल भरून गप्प बसायचं नाही, हाऊसिंग उघडायचं. भुसा निघाला तर गाडी विकताना आवाज दाबायला कोणी तरी तो घातलाय. आणि दुधाच्या चहासारखा रंग आला तर आत पाणी गेलंय.

पाण्याचं जरा थांबून सांगतो, कारण तुझा रस्ता पावसाचा आहे. ॲक्सलच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर सोडणारा. तो चिखलाने बंद झाला की आतला दाब सीलमधून ऑईल ढकलतो. घाट उतरून आलेलं गरम हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. म्हणून ब्रीदर काढून साफ कर. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूलाही बघ. तिथे ऑईलचा ओघळ असेल तर ॲक्सलचं सील गेलंय, आणि ते ऑईल ब्रेक लायनरवर जातं. तसं असेल तर सील आणि लायनर बदलल्याशिवाय घाटात उतरायचं नाही, लग्नकार्य असलं तरी नाही.

खालचा नट पुसून, नवा वॉशर घालून बसव, पण पान्याला पाईप अडकवून जोर करू नकोस. नवं ऑईल हातपंपाने सावकाश भर. बहुतेक गाड्यांत दीड-दोन लिटरच्या आसपास बसतं, तरी वरच्या भोकातून ऑईल ओघळायला लागलं की थांबायचं. ओघळ थांबू दे, मग नट लाव.

निघालेलं ऑईल गटारात नाही, बांधावर नाही, कुंपणाच्या खांबांनाही नाही. वापरलेलं ऑईल २०१६च्या घातक कचरा नियमांत येतं. डब्यात भरून ठेव. अधिकृत पुनर्वापरवाल्याला ऑईल देणारं गॅरेज गाठून तिथे सोपव. तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिही.

दुसऱ्या दिवशी फरशीवर थेंब दिसतोय का बघ. मग रेडिओ बंद करून मोकळ्या रस्त्यावर चालव. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून एकसुरी घूं आवाज येतोय का, पाय काढला की तो बदलतोय का, हे ऐक. येत असेल तर तशीच आंब्याला नेऊ नकोस, आधी मला फोन कर. तो आवाज पिनियनच्या बेअरिंगचा असेल आणि ते वेळेत बदललं, तर क्राऊन-पिनियनचा जोड वाचू शकतो.