पेपर परत येतो तेव्हा

संशोधन पक्कं असेल तर मांडणीचं एवढं काय, असं मानणारे आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पुष्कळ सापडतात. जर्नलच्या ‘लेखकांसाठी सूचना’ म्हणजे कारकुनी काम. ते ज्युनिअर रेसिडेंटच्या गळ्यात मारायचं आणि मोकळं व्हायचं. गाईड म्हणून मी अनेक प्रबंधांचे पेपर होताना पाहिले आहेत. त्यातला एक परत आला, त्याच्या आक्षेपांची यादी मी आजही नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवते.

विषय गर्भवतींमधल्या ॲनिमियाचा होता. पेपर रिव्ह्यूअरपर्यंत पोचलाच नाही. संपादकीय कार्यालयाने तांत्रिक तपासणीतच परत पाठवला. संशोधनाच्या दर्जाबद्दल चकार शब्द नाही, नुसते आक्षेप. “मॅडम, सगळं किरकोळच आहे, संध्याकाळपर्यंत करून टाकते,” रेसिडेंट म्हणाली. आम्ही एकेक आक्षेप घेऊन बसलो.

पहिला: सारांशात 240 महिला, तक्ता 2 ची बेरीज 236. चौघींचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट मिळाले नव्हते आणि तसं पेपरात कुठेच म्हटलेलं नव्हतं. हा टायपिंगचा प्रश्न नव्हे. किती जणी पात्र होत्या, किती सहभागी झाल्या, किती गळाल्या आणि का, हे निरीक्षणात्मक अभ्यासांची ‘स्ट्रोब’ चेकलिस्ट विचारतेच. ती आधी भरली असती तर चौघी तिथेच सापडल्या असत्या.

दुसरा: तक्त्यात P = 0.000. एसपीएसएस तीन दशांश दाखवतं, म्हणून पडद्यावर शून्यं दिसतात; शक्यता खरोखर शून्य नसते. तिथे P < 0.001 लिहावं. बाकी ठिकाणी नेमकी किंमत द्यावी आणि सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल. नुसतं ‘एनएस’ लिहून भागत नाही.

तिसरा: रिव्ह्यूअरपुढे लेखकांची ओळख उघड. लेखकांची नावं पहिल्या पानाच्या वेगळ्या फाईलमध्ये होती खरी, पण मुख्य फाईलमध्ये एथिक्स कमिटीच्या वाक्यात कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. वर्डच्या फाईलमध्ये लेखक म्हणून रेसिडेंटचं नावही जसंच्या तसं. ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ वापरून ते काढता येतं. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मात्र हाताशी ठेवावी, जर्नल मागतंच.

चौथा: संदर्भ. प्रबंधात ते आडनावांच्या वर्णानुक्रमाने होते. वैद्यकीय जर्नल्समध्ये बहुतेक ठिकाणी व्हँकुव्हर पद्धत चालते: मजकुरात ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने आकडे. 1978 मध्ये संपादकांची एक बैठक व्हँकुव्हरला झाली, तिच्यावरून हे नाव पडलं; तोच गट पुढे आयसीएमजेई झाला. हाताने आकडे घालाल तर एक परिच्छेद हलवला की सगळा क्रम कोसळतो. झोटेरो फुकट आहे, ते वापरा. तरी शेवटी प्रत्येक संदर्भ पबमेडवर स्वतः उघडून बघा. एआयने सुचवलेला संदर्भ तर हमखास. अस्तित्वातच नसलेले पेपर ते बेधडक रचून देतं. एआयची मदत घेतली असेल तर तसं नमूद करा. लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही.

हे चारही आक्षेप निस्तरता आले. काही गोष्टी मात्र शेवटी निस्तरताच येत नाहीत, आणि माझा खरा इशारा त्यांच्याबद्दल आहे. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी तिची नोंदणी हवी. भारतात ही नोंदणी जिथे होते ते सीटीआरआय 2007 मध्ये सुरू झालं आणि 15 जून 2009 पासून नोंदणी बंधनकारक आहे. रुग्ण घेऊन झाल्यावर केलेली नोंदणी तारखेवरून लगेच कळते आणि आयसीएमजेईचे नियम पाळणारी जर्नल्स तिथेच हात वर करतात. केस रिपोर्टचंही तसंच. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते असं समजू नका. प्रकाशनासाठी रुग्णाची लेखी संमती घ्या. रुग्ण गावी निघून गेल्यावर ती मिळवणं महाकठीण.

लेखकांच्या नावांचा प्रश्नही सुरुवातीलाच मिटवा. कामात वाटा, लेखनात किंवा चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी, या चारही अटी पुऱ्या करणारा तो लेखक. विभागप्रमुख असणं ही पाचवी अट नाही.

तेव्हा प्रोटोकॉल लिहायला बसाल त्याच दिवशी दोन-तीन जर्नल्सच्या सूचना वाचा. ट्रायलला ‘कॉन्सोर्ट’, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला ‘प्रिझ्मा’, केस रिपोर्टला ‘केअर’, अशी आपल्या अभ्यासाची चेकलिस्ट छापून फाईलला लावा. पाठवण्यापूर्वी कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त आकडे तपासायला सांगा: सारांश, मजकूर आणि तक्ते यांत प्रत्येक आकडा एकच आहे ना? तो जुळला नाही, तर पेपर पाठवू नका.