गाडीतला पंखा मनाला येईल तसा का फिरतो?

शिक्षकमित्रांनो, पालकहो, 'ऑटो'वर ठेवलेला गाडीच्या एसीचा पंखा कधी घोंघावतो, कधी एकदम मंदावतो. "बिघडला वाटतं!" म्हणत आपण बटण दाबतो आणि मागे बसलेल्या मुलाचा 'का?' तिथंच विरतो.

खरं तर तिथं हिशेब चाललेला असतो. आपण मागितलेलं तापमान, समजा २४ अंश, आणि आतल्या हवेचं तापमान यांतला फरक मोठा असेल तर वेग जास्त. फरक घटला की वेग कमी. पण गंमत पुढेच आहे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर, काचेजवळ, ऊन ओळखणारा सेन्सर असतो. सावलीतून उन्हात आलात, की आतली हवा तापायच्या आधीच पंखा वाढू शकतो! त्यावर रुमाल किंवा मूर्ती ठेवली, की त्याच्या लेखी सावलीच. थंडीत हीटर लावल्यावर इंजिन तापेपर्यंत पंखा मुद्दाम हळू राहतो, नाहीतर अंगावर गार वाराच यायचा.

पुढच्या प्रवासात मुलांच्या हाती वही द्या. वेळ, ऊन की सावली, पंखा जोरात की हळू, एवढंच लिहू दे. भर दुपारी २४ ऐवजी १८ केल्यानं गाडी लवकर गार होते का? पंखा आधीच पूर्ण जोरात असेल, तर काय होईल, ते मुलांनाच आधी सांगू द्या.