जन्मगाव अहेरी, जिल्हा कोणता?

लंडनच्या हॅरो-वेम्बली भागात स्थिरावलेल्या आम्ही काही घरांनी नव्याने येणाऱ्यांसाठी टिपणं काढली आहेत. हे टिपण खास अहेरी, आलापल्ली, सिरोंचाकडच्या मंडळींसाठी.

अर्ज भरताना पहिल्यांदा अडतं ते जिल्ह्यावर. आमच्यातल्या एकीच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला १९५८ चा. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळ्या शाईत ‘मु. अहेरी, जि. चांदा’. १९७९ मध्ये जन्मलेल्या भावाच्या जन्मदाखल्यावर चंद्रपूर, १९८४ मधल्या तिच्या स्वतःच्या दाखल्यावर गडचिरोली. घर तेच, अंगणातली विहीरही तीच. इथल्या एका कचेरीला मात्र ही तीन निराळी ठिकाणं वाटली. कागद परत आले आणि दीड महिना गेला.

म्हणून तारखा लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ ला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. चांद्याचं चंद्रपूर त्यानंतर झालं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला आणि अहेरी त्यात गेली. जुना दाखला बदलून घेण्याच्या मागे लागू नका. ज्या वर्षी जो जिल्हा होता, तोच त्यावर आहे. अर्जात पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि एका पानाचं टिपण जोडा: गाव एक, जिल्ह्याची नावं तीन, तारखा या. जन्मदाखल्याची नवी प्रत हवी असेल तर चौकशी नगरपंचायतीत करायला सांगा, अहेरीत आता ग्रामपंचायत नाही. दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारं आपोस्टिल प्रमाणन भारतातून निघण्याआधीच करून घ्या.

इथेही असाच एक जिल्हा भेटेल. घरमालक पत्ता सांगेल ‘हॅरो, मिडलसेक्स’. मिडलसेक्सचा कारभार १ एप्रिल १९६५ ला संपला. बहुतेक भाग बृहन्लंडनमध्ये गेला, पॉटर्स बार हर्टफर्डशरकडे, स्टेन्स सरेकडे. टपालखात्याने ते नाव १९९६ पर्यंत चालवलं, क्रिकेट संघ आजही चालवतो. आपलं डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. ती वस्तीही तेव्हा मिडलसेक्समध्येच होती, आता ब्रेंट बरोमध्ये आहे. मुलांची शाळा, कौन्सिल टॅक्स, कचरा, सगळं तुमच्या बरोच्या कौन्सिलकडे. पत्र पोचतं पोस्टकोडावर.

अहेरी जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे, आणि आम्हाला ती मनापासून पटते. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी सुमारे दोनशे किलोमीटर जावं लागतं. तेव्हा टिपणाच्या तळाशी चौथ्या नावापुरती जागा सोडून ठेवा.